बोट शेवटी घ्या: किनाऱ्यावरच्या अग्निशमन केंद्रात जलबचाव पथक कसे उभारावे

वर्दी साधारण अशी येते: "अहो, पोरगं आत गेलंय, लवकर या!" दहा मिनिटांत बंब किनाऱ्यावर हजर. चौघे उतरतात. पायांत गमबूट, अंगात जाड कोट, डोक्याला हेल्मेट, गाडीच्या टाकीत हजारो लिटर पाणी आणि समोर समुद्र. मी एकदा तसाच गमबुटांसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरलो होतो. पहिली लाट बुटांत भरली, दुसरीने पायाखालची वाळू काढून नेली. बूट भरले तरी पाण्यात असेपर्यंत ते जाणवत नाही. बाहेर यायला पाय उचलला की कळते. शेवटी एका कोळ्याने मागून कॉलर धरून मला ओढून काढले. ज्याच्यासाठी गेलो होतो त्या पोराला त्याच्याच भावाने वल्हे पुढे करून कधीच बाहेर घेतले होते.

कोकणातल्या छोट्या नगरपरिषदांमध्ये पथकाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "बोट केवढ्याची?" बोट लागतेच, पण सगळ्यात शेवटी. त्याआधी काय काय करायचे ते ज्या क्रमाने करावे त्याच क्रमाने लिहितो.

पहिले दोन महिने: फक्त वही

काहीही विकत घेऊ नका. एक वही घाला. केंद्रातली वर्दी नोंदवही, पोलीस ठाण्यातल्या अकस्मात मृत्यूच्या नोंदी आणि ग्रामीण रुग्णालयाचे रजिस्टर यांतून मागच्या पाच-दहा वर्षांतले बुडण्याचे प्रसंग काढा. मग कोळीवाड्यात जाऊन बसा. जे वाचले त्यांची नोंद कुठल्याच सरकारी कागदावर नसते. ती तिथे जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात असते.

वहीत रकाने आखा: जागा, तारीख, वेळ, भरती की ओहोटी, माणूस तिथे कशाला गेला होता, कुणी काढला, कशाने काढला. शेवटचा रकाना सोडू नका. आमच्या वहीत त्या रकान्यात दोर, वल्हे, टायरची ट्यूब हेच शब्द पुन्हा पुन्हा आले. काय आधी घ्यायचे ते तिथेच ठरले.

भरती-ओहोटीचा रकाना जुन्या प्रसंगांसाठी कसा भरायचा? किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. जागेप्रमाणे यात तासाभराचा फरक पडतो. रत्नागिरीकडे पाणी मुंबईपेक्षा लवकर चढते. त्यामुळे रोजच्या कामाला छापील भरती तक्ताच वापरा. जुन्या नोंदी तपासायला मात्र पंचांग पुरते.

वही नकाशावर उतरवली की एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर तीन-चारच जागा पुन्हा पुन्हा दिसू लागतात: खाडीचे मुख, जेट्टीच्या बाजूची पुळण, कातळाचे एखादे टोक. आणि प्रसंग फक्त पावसाळ्यातले नसतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या किनाऱ्यावर बुडाले. तेव्हा पाऊसही नव्हता आणि वादळही नव्हते.

कागदपत्रे

हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळले तर पहिल्याच अपघातात पथक बंद पडते. पर्यटकांची गर्दी असलेले अनेक किनारे नगरपरिषदेच्या हद्दीत नसतात, शेजारच्या ग्रामपंचायतीत असतात. जलक्रीडेचे परवाने मेरीटाईम बोर्डाकडे, समुद्रातली गस्त सागरी पोलिसांकडे, खोल पाण्यातला शोध तटरक्षक दलाकडे. यांतल्या प्रत्येकाला वाटते की बुडणारा माणूस दुसऱ्याच्या हद्दीत आहे.

म्हणून नगरपरिषदेच्या ठरावावर थांबू नका. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांच्या सहीने एक आदेश मिळवा. त्यात तीन गोष्टी हव्यात: हद्दीबाहेर जायची परवानगी, घटनास्थळी प्रमुख कोण हे स्पष्ट, आणि पथकातल्या स्वयंसेवकांचा विमा. विम्याशिवाय एकाही कोळी पोराला पाण्यात उतरवू नका. तो आपल्या भरवशावर जातो.

एक पुठ्ठा रंगवून वायरलेस टेबलाच्या वर लावा: अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, सागरी पोलीस १०९३, तटरक्षक दल १५५४, एकत्रित आपत्कालीन क्रमांक ११२, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. टेबलावरच्या माणसाने वर्दी घेताना विचारायचे चार प्रश्नही त्यावरच लिहा. किती जण? शेवटचे कुठे दिसले? सांगणारा आत्ता कुठे उभा आहे? आणि तो तिथून हलणार नाही ना? चौथा प्रश्न का, ते पुढे येईल.

माणसे

प्रत्येक फायरमनला समुद्रात उतरवायची गरज नाही. तीन गट करा. पहिला गट काठावर राहणारा, यात केंद्रातले सगळे, अगदी ड्रायव्हरसुद्धा. दुसरा दोर, तरंगती साधने आणि बोटीवर मदत करणारा. तिसरा पाण्यात उतरणारा. सहा-आठ माणसे पुरेत. पाण्यातल्या बचावाचे प्रशिक्षण अनेक ठिकाणी अशाच पायऱ्यांत दिले जाते.

तिसऱ्या गटाची चाचणी कडक घ्या. समुद्रावरच्या जीवरक्षकांसाठी अमेरिकेत ५०० मीटर १० मिनिटांच्या आत पोहण्याची अट असते. आपल्याकडे पहिल्याच दिवशी एवढे जमणारे थोडे निघतील, पण अट तीच ठेवा आणि सहा महिने द्या. "मी लहानपणापासून खाडीत पोहतो" हे चाचणीचे उत्तर नव्हे. नोकरीत ज्येष्ठ आहे म्हणून पाण्यातही पुढे, असेही चालणार नाही. आमच्याकडे यावरून बरीच नाराजी झाली होती. होऊ द्या.

आणि एक तांडेल, म्हणजे होडीचा अनुभवी प्रमुख, शोधा. वय साठ-पासष्ट असले तरी चालेल, त्याला पोहायला लावायचे नाही. कुठल्या वाऱ्याला कुठल्या कातळाजवळ पाणी कसे फिरते हे त्याला ठाऊक असते. त्याला मानधन द्या, सल्लागार म्हणून नाव लावा आणि पथकासमोर त्याला अरेतुरे करू नका. आपदा मित्र या आपत्ती-स्वयंसेवकांच्या सरकारी योजनेत शिकलेली मुले जिल्ह्यात असतील तर त्यांची यादी नियंत्रण कक्षातून घ्या.

प्रशिक्षण जवळच मिळते. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षणाचे आणि यांत्रिक बोट चालवण्याचे अभ्यासक्रम आहेत. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंग संस्था आहे, पण डायव्हिंगच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. पुण्याजवळ एनडीआरएफची पाचवी तुकडी आहे. पुराच्या पाण्यातले काम त्यांच्याकडून शिका. गोव्यात गेलातच तर दोन दिवस तिथल्या किनाऱ्यावर नुसते बसा. २००८ पासून तिथे खासगी संस्थेचे जीवरक्षक आहेत. लाल-पिवळे झेंडे रोज कुठे रोवतात, शिट्टी केव्हा वाजते, आणि बहुतेक वेळा पाण्यात न उतरताच काम कसे भागते ते पाहा.

दोर: पहिली खरेदी

पहिला पैसा फेकदोराच्या पिशव्यांवर घाला. प्रत्येक बंबावर दोन, आणि वहीतल्या प्रत्येक धोक्याच्या जागी एक. दोर पॉलीप्रॉपिलीनचा हवा, कारण तो तरंगतो, नायलॉनचा बुडतो. जाडी ८ ते १० मिलिमीटर, लांबी २० मीटर. खरेदीची फाईल अडकली तर घरी करा: ताडपत्रीची पिशवी शिवा, तळाशी फोमचा तुकडा घाला, दोराचे एक टोक पिशवीच्या तळाला बांधा आणि बाकी दोर वेटोळे न करता नुसता कोंबत आत भरा. वेटोळे केलेला दोर फेकताना गाठ मारून बसतो. कोंबलेला सरळ सुटतो.

फेकायची पद्धत: दुसरे टोक हातात धरा, पण मनगटाला कधीही गुंडाळू नका. आधी मोठ्याने "दोर!" अशी हाक द्या, तो वळून बघेपर्यंत थांबा. पिशवी माणसावर मारायची नाही, त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायची, म्हणजे दोर त्याच्या खांद्यावर पडतो. वाहत्या पाण्यात किंचित वरच्या बाजूला टाका. त्याने धरला की तुम्ही खाली बसा, टाचा वाळूत रोवा. उभे राहिलात तर तोच तुम्हाला ओढील. पहिला नेम चुकला तर दोर पुन्हा पिशवीत भरत बसू नका. पिशवीत पाणी भरून घ्या, त्या वजनावर ती पुन्हा तशीच जाते.

१५ मीटरवर टायरची ट्यूब ठेवून पाचपैकी तीन नेम हातभर अंतरात पडेपर्यंत सराव करा. पहिल्या दिवशी आमच्या लीडिंग फायरमनची पिशवी मागच्या नारळावर अडकली होती.

दोरानंतर लाईफ जॅकेट. जहाजावरचे भरघोस नारंगी जॅकेट बेशुद्ध माणसाचे तोंड वर ठेवते, पण ते घालून पोहता येत नाही. वाचवणाऱ्यासाठी ५० न्यूटन तरंगशक्तीचे, हात मोकळे ठेवणारे जॅकेट वेगळे घ्या. त्याला शिट्टी आणि छोटा सुरा अडकवा, कारण आपल्या पाण्यात फाटकी जाळी सगळीकडे असतात. नियम एकच आणि बिनअपवाद: पाण्यापासून तीन मीटरच्या आत जॅकेटशिवाय कुणी नाही, साहेबसुद्धा नाही. गमबूट, कोट, हेल्मेट गाडीत. त्यानंतर रेस्क्यू ट्यूब, म्हणजे छातीला पट्टा असलेला लांबट फोमचा ठोकळा. पोहत जाणाऱ्याने बुडणाऱ्याला हात न देता तो ठोकळा द्यायचा.

बंबावर आधीच असलेल्या वस्तूही कामाच्या आहेत. शिडी आडवी सरकवली तर चांगली लांब काठी होते. रात्री शोधदिवा. गर्दीला पाण्याबाहेर बोलवायला भोंगा. आणि होज, म्हणजे पाणी मारायची नळी: तिची दोन्ही टोके खास झाकणांनी बंद करून बी.ए. सेटच्या (धुरात श्वास घ्यायच्या उपकरणाच्या) सिलिंडरमधली हवा दाब कमी करून भरली की ती तरंगणारा लांब दांडा होते. खाडीत, विहिरीत, पुराच्या तुंबलेल्या पाण्यात ती सरकवत नेता येते. झाकणांसोबत दाब सोडणारी झडप असलेला संच घ्या, जुगाड करू नका. फुटलेल्या होजचे टोक हाड मोडते. लाटांच्या पाण्यात तिचा उपयोग नाही.

पाणी वाचणे

ओहोटीला तांडेलाबरोबर चालत निघा. उघड्या पडलेल्या वाळूत खळगे, पाण्याने कापलेल्या वाटा दिसतील. भरतीत या वाटांवरूनच लाटांनी आणलेले पाणी परत समुद्राकडे धावते. वरून ओळखायची खूण फसवी आहे: दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्ये एक पट्टा शांत, जरा गडद दिसतो. पोहायला आलेला माणूस नेमका तोच निवडतो. सोललेला नारळ टाकून बघा. तो काठाकडे येण्याऐवजी आत चालू लागला तर ओढीचा पट्टा सापडला. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. तिच्या विरुद्ध पोहणारा दमतो आणि दमून बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहले की पट्ट्यातून सुटका होते. तेही जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा. वाचवणारा तर याच पट्ट्याचा फायदा घेतो, तोच त्याला झटकन आत नेऊन सोडतो.

खाडीच्या मुखाशी हिशेब वेगळा. तिथे भरतीला भिऊ नका, ओहोटीला भ्या. खाडीतले सगळे पाणी अरुंद तोंडातून बाहेर पडते, आणि पावसाळ्यात त्यात नदीचा लोंढा मिसळतो.

प्रत्यक्ष वर्दीवर

क्रम पाठ हवा: बोला, काठी द्या, दोर फेका, तरंगते काही सोडा, बोट न्या, आणि यांतले काहीच शक्य नसेल तेव्हा उतरा. खरा बुडणारा माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, हात बाजूला दाबत, नजर शून्य. हे २० ते ६० सेकंद चालते, मग तो खाली जातो. ओरडणाऱ्याकडे अजून श्वास आहे. दोघे असतील तर आधी गप्प असलेल्याकडे जा.

माणूस दिसेनासा झाला असेल तर वर्दी देणाऱ्याला जागेवर उभे ठेवण्याचे कारण इथे येते. त्याच्या नजरेच्या रेषेत एक काठी रोवा. दुसरा साक्षीदार निदान ३०-४० मीटर बाजूला शोधा, त्याची रेषा घ्या. दोन रेषा छेदतात तिथे दोराला दगड बांधून बोया टाका. शोध तिथून सुरू. साक्षीदार पळत तुमच्याकडे आला की ही रेषा कायमची गेली.

घड्याळ लावा. आपल्या समुद्राचे पाणी उबदार असते. पूर्ण ३० मिनिटे पाण्याखाली गेल्यावर माणूस जिवंत सापडण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. तिथून पुढे वाचवणाऱ्याचा जीव धोक्यात घालायचा नाही. नातेवाइकांसमोर हे सांगणे फार कठीण असते. ते पथकप्रमुखाचे काम आहे, पाण्यातल्या पोराचे नाही.

बाहेर काढल्यावर जे आपल्याकडे हमखास होते ते थांबवा: पोट दाबणे, उलटे टांगणे, पाठीवर थापट्या. पाणी पोटातून काढायचे नसते, फुप्फुसात हवा घालायची असते. श्वास नसेल तर आधी तोंडाने ५ श्वास द्या, मग ३० वेळा छाती दाबणे आणि २ श्वास, हे चालू ठेवा. एरवी हृदय अचानक बंद पडले तर नुसती छाती दाबून चालते असे शिकवतात. बुडालेल्याला श्वास लागतोच. तोंडातून फेस येत राहील, तो पुसत बसू नका. आणि शुद्धीवर येऊन "मी बरा आहे" म्हणाला तरी रुग्णालयात पाठवा. फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देते.

आता बोट

इथपर्यंत सहा-आठ महिने गेले असतील. आता जिल्हा नियोजन समितीकडे बोटीचा प्रस्ताव पाठवा. फायबरची देखणी स्पीडबोट मागू नका, ती लाटांत वाळूवर आपटते. सुमारे ३.८ मीटर लांबीची रबरी फुगवायची बोट आणि २५-३० अश्वशक्तीचे इंजिन घ्या, चौघांनी उचलून वाळूवरून नेता येते. पंख्याला जाळी, चालवणाऱ्याच्या पायाला किंवा मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी, आणि बुडणाऱ्याला हात घालताना इंजिन न्यूट्रलवर. इंजिन टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल बहुधा ५० ला १, पण पुस्तिका बघूनच. प्रत्येक फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्यावर चालवून धुवा. निविदेतच सुटे भाग आणि तीन वर्षांची दुरुस्ती लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी ती बोट बंबाच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली सापडेल. मी अशा काही बघितल्या आहेत.

बोट का लागते तेही लक्षात ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, जलक्रीडावाल्यांच्या बोटीही बंद. एरवी पंधरा मिनिटांत मदतीला येणारी एकही होडी तेव्हा पाण्यात नसते, आणि समुद्र सर्वांत वाईट तेव्हाच असतो. बाकीच्या दहा महिन्यांसाठी कोळी सोसायटीशी लेखी ठरवा: कुठल्या दोन होड्या तयार राहतील, डिझेल कोण देईल, फोन कुणाला करायचा. आणि बोट केव्हा बाहेर काढायची नाही हेही लिहून ठेवा. इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा) उंच लाटांचा इशारा असेल, किंवा तांडेल "नको" म्हणाला, तर बोट बाहेर पडणार नाही.

विसर्जन

सराव आठवड्यातून एकदा, प्रत्येक वेळी वेगळ्या भरतीला, महिन्यातून एकदा रात्री. पण पथकाची परीक्षा गणपतीतच होते, आणि तिचे वेळापत्रक पंचांगातच आहे. दीड दिवसाचे गणपती पंचमीला जातात: पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे संध्याकाळी लोक पाण्यात उतरतात तेव्हा ओहोटी लागलेली असते आणि खाडीच्या मुखाशी पाणी बाहेर ओढत असते. मूर्ती धरलेली माणसे तिच्यामागे दोन पावले जास्त जातात. त्या दिवशी पथक खाडीवर ठेवा. अनंत चतुर्दशी नेहमीच पौर्णिमेच्या तोंडावर, म्हणजे उधाणात येते: चौदाची पाऊणपट साडेदहा. दुपारी साडेचारला पुळण लांबवर उघडी असते, मंडळे ट्रक आत घालतात, आणि तिथून सहा तास पाणी चढत राहते. त्या दिवशी वाळूत काठ्या रोवून दर तासाला दोरीची रेषा मागे घ्या, ट्रक आठच्या आत वर काढा, मूर्ती नेणाऱ्या प्रत्येक टोळीबरोबर जॅकेट घातलेला एक माणूस द्या. दारू प्यालेल्याला पोलिसांनी वरच अडवायचे, हे आदल्या दिवशीच ठरवून घ्या. पाकट माशाचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा. चहाच्या टपरीवाल्याला तेवढे सांगून ठेवा.

साडेदहाच्या पुढे पाणी फिरते. काठ्यांची मोजदाद करा, माणसांची दोनदा करा. मग वहीत त्या दिवसाचे पान भरा, दोर पिशव्यांतून पूर्ण बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळत घाला, उन्हात नको.